वय २४, हातात ३२ हजार. रिटायरमेंटचं खातं आत्ताच उघडू का? घरात एनपीएसचं (नॅशनल पेन्शन सिस्टीम) नाव काढलं की वडील जेवण सोडून उठतात

बार्शीकर_चाकणात

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा बार्शीचा, डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, दोन वर्षं झाली. सीटीसी ४.८ लाख, हातात ३२ हजार येतात. मोशीत तिघं रूम करून राहतो, भाडं माझ्या वाटचं साडेपाच, मेस साडेतीन, घरी आठ पाठवतो, गाडीचा हप्ता ३९०० आणि पेट्रोल, रिचार्ज, गावी जाणं-येणं धरून महिन्याला पाच-सहा हजार उरतात. उरतात म्हणजे उरायला पाहिजेत, डिसेंबरात दोन मित्रांची लग्नं होती तेव्हा काहीच उरलं नाही.

तर झालं असं की पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिथली मॅडम गेले महिनाभर फोन करतेय, सर तुम्ही यंग आहात, आत्ता पेन्शन प्लॅन घेतला तर साठाव्या वर्षी करोडपती, वर टॅक्स पण वाचतो. वर्षाला ५० हजार, दहा वर्षं. माझ्या रूममेटने गेल्या आठवड्यात सही करून पण टाकली. मी म्हणलं थांबतो जरा. मग यूट्यूबवर बघितलं तर तिथे सगळे म्हणतात एनपीएस उघडा, लवकर उघडा, जेवढं लवकर तेवढं चांगलं.

आता खरी गंमत. आमचे पप्पा झेडपी शाळेत शिक्षक. २००६ ला शिक्षणसेवक म्हणून लागले, ३ हजार मानधनावर. म्हणजे १ नोव्हेंबर २००५ ची ती जी तारीख आहे ना, तिच्यानंतरचे, त्यामुळे जुनी पेन्शन नाही, त्याजागी एनपीएस. मार्च २०२३ च्या संपात होते, ती 'एकच मिशन जुनी पेन्शन'ची टोपी अजून आमच्या दाराच्या मागे खुंटीला आहे. मी संक्रांतीला घरी गेल्यावर जेवताना म्हणलं की पप्पा मी एनपीएस उघडू का, तर त्यांनी ताटात हात धुतला. म्हणले आम्ही ज्याच्या विरोधात रस्त्यावर बसलो ते तू पैसे देऊन विकत घेणार? आईने मला डोळ्याने खुणावलं, गप बस म्हणून.

तर प्रश्न असे की,
एनपीएस, पीपीएफ (पोस्टातलं किंवा बँकेतलं पंधरा वर्षांचं बचत खातं), का काहीच नको? २४ व्या वर्षी साठीचा विचार करणं हा शहाणपणा का येडेपणा? आणि पीएफ कापला जातो त्यात माझे १८०० जातात पण पासबुकात कंपनीच्या रकान्यात फक्त ५५० दिसतात, कंपनी मला चुना लावतेय का?

---

रस्सामंडळ

भावा २४ वय आहे, कोकणात जा, मित्रांबरोबर फिर, साठीचं साठीला बघू. माझे मामा पै पै साठवून ५७ ला गेले. झालं.

---

जुना_आयटीवाला

वरच्या भावाच्या मामांबद्दल वाईट वाटलं, पण सगळे मामा ५७ ला जात नाहीत, माझी आजी ९१ ची आहे आणि रोज दोन भाकऱ्या खाते. तिच्या औषधांचा खर्च कोण करतं ते आम्हाला विचारा.

बार्शीकर, आधी तुझा शेवटचा प्रश्न घेतो कारण तो मीही बावीसाव्या वर्षी एचआरला जाऊन तावातावाने विचारला होता आणि हसं करून घेतलं होतं. चुना नाही लावत. कंपनी पण १८०० च भरते. पण त्यातले १२५० पेन्शनच्या खात्यात जातात, त्याला ईपीएस म्हणतात, आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. पासबुकात शेवटचा रकाना बघ, पेन्शन कॉन्ट्रिब्युशन लिहिलेलं असेल, तिथे तुझे १२५० बसलेत. हे असं कारण कायद्याने १५ हजार पगार धरून हिशोब करायची मुभा आहे, १५ हजाराचे ८.३३ टक्के म्हणजे ते १२५०.

म्हणजे गंमत काय झाली बघ, तू विचारतोस रिटायरमेंटचं खातं उघडू का, आणि ते दोन वर्षांपूर्वीच उघडलंय, तुला न विचारता. दर महिन्याला तुझे १८०० आणि कंपनीचे ५५० मिळून २३५० त्यात पडतात आणि गेल्या दोन वर्षांचं व्याज ८.२५ टक्के लागलंय. एवढं व्याज कुठली बँक एफडीवर देते का बघ.

आता माझी चूक ऐक, हे मी फार लोकांना सांगत नाही. २००९ ला पहिली नोकरी सोडली, पीएफ काढला, ४३ हजार आले, त्यात थोडे घालून पल्सर घेतली. २०१२ ला दुसरी सोडली, परत काढला, १ लाख १० हजार, त्याचं काय केलं आज आठवत पण नाही. खरंच आठवत नाही, बायकोला विचारलं तर ती म्हणाली सोफा. परवा रात्री बसून हिशोब केला. ते पैसे नुसते नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर केले असते तर आज पल्सरचे दीड लाखाच्या वर आणि सोफ्याचे तीन लाखाच्या पुढे असते, एक रुपया पण न घालता. आणि अजून दुखतं ते वेगळंच. मी दोन्ही वेळेला फॉर्म १० सी भरून पेन्शनचे पण पैसे काढले. ते काढले की मागची सर्व्हिस पुसली जाते. ईपीएसच्या पेन्शनला दहा वर्षं सर्व्हिस लागते. मी ४१ चा आहे आणि पेन्शनच्या वहीत माझी ती पहिली वर्षं कुठेच नाहीत.

तेव्हा तू एनपीएस घे, नको घेऊ, पण पुढच्या वर्षी दुसरीकडे पाच हजार जास्त मिळाले आणि चाकण सोडलंस की रूममेट म्हणतील पीएफ काढ आणि आयफोन घे, त्यावेळी हा मेसेज आठव. तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) नव्या कंपनीत द्यायचा आणि जुनं खातं ट्रान्सफर झालं का ते स्वतः बघायचं. पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स पण लागू शकतो, ते अजून वेगळं.

---

गोदाकाठ

मी नाशिकहून. मी या सगळ्यातली तज्ञ नाही, माझं छोटं मेडिकल आहे, म्हणजे मला पीएफ वगैरे कोणी कापून देणारं नाही. त्यामुळे मी काय केलं तेवढंच सांगते.

जानेवारी २०१० मध्ये मी २२ वर्षांची होते, आईने हाताला धरून पोस्टात नेलं आणि पीपीएफ उघडायला लावलं. मला तेव्हा इतका राग आला होता, मैत्रिणी सिनेमाला गेलेल्या आणि मी पोस्टात डिंकाच्या बाटलीशेजारी उभी राहून फॉर्मवर फोटो चिकटवतेय. महिन्याला हजार रुपये ठरवले. काही वर्षं जमलं, दुकान टाकलं त्या वर्षी अजिबात जमलं नाही, तेव्हा वर्षाचे कमीत कमी ५०० टाकून खातं नुसतं जिवंत ठेवलं, पुढच्या वर्षी राहिलेले भरून काढले. ३१ मार्च २०२५ ला ते मॅच्युअर झालं. सव्वातीन लाखाच्या आसपास आले. करोड नाही. पण ज्या दिवशी पोस्टातल्या काउंटरवर पासबुकात तो आकडा छापून आला त्या दिवशी मी तिथेच बाकावर बसले दोन मिनिटं.

आता मुद्दा ऐका, हा मला कोणी सांगितला नव्हता. पीपीएफमध्ये पैसे किती टाकता यापेक्षा खातं कधी उघडलं हे महत्त्वाचं असतं. पंधरा वर्षांचं घड्याळ उघडल्या वर्षापासून चालू होतं, ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते संपल्यापासून १५ धरतात. तुम्ही आत्ता मार्चच्या आत ५०० रुपयाने उघडलं आणि चार-पाच वर्षं रडतखडत भरलं तरी तुमच्या चाळिशीच्या आसपास ते मोकळं होतं, मग पाच-पाच वर्षांनी वाढवत जायचं आणि ते वाढवलेलं खातं मला तरी आता फार सोयीचं वाटतं, गरज लागली तर वर्षातून एकदा काढता पण येतात. ज्याने पस्तिशीत उघडलं त्याचं पन्नाशीत मोकळं होणार. पैसे नंतर जास्त टाकता येतात, वर्षाला दीड लाखापर्यंत, पण गेलेली वर्षं नंतर टाकता येत नाहीत.

हां आणि मॅच्युअर झाल्यावर पुढे भरत राहायचं असेल तर वर्षाच्या आत फॉर्म द्यावा लागतो, मी तो अकराव्या महिन्यात देणार असं दिसतंय.

व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ वर अडकलंय, हे खरंय. मला आधी ८.७ पण मिळालेलं आहे. पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत टाकायचे, सहाला टाकले तर त्या महिन्याचं व्याज त्या पैशावर धरत नाहीत.

---

माढ्याचे_मास्तर

बार्शीकर, तू आमच्या शेजारचाच निघालास. मीही जिल्हा परिषदेचाच, २००८ चा. मार्च २०२३ मध्ये तुझे वडील आणि मी बहुतेक एकाच मांडवात बसलेलो असू. त्यामुळे वडिलांची बाजू आधी सांगतो, मग त्यांची चूक सांगतो.

बाबा, आमचं दुखणं समजून घे. माझ्या शेजारच्या वर्गावर जे गुरुजी होते ते २००३ ला लागलेले. एकच शाळा, एकच फळा, एकच खिचडी. ते रिटायर झाले की शेवटच्या बेसिकच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता, मरेपर्यंत, आणि नंतर बायकोला. आम्हाला काय, तर आमच्या पगारातून कापायचे, सरकारने त्यात घालायचे, ते बाजारात जाणार आणि साठीला जे होईल ते होईल. वर कित्येक वर्षं आमच्या कपातीचा हिशोबच धड हातात मिळत नव्हता, मी माझ्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात, मधल्या दीड वर्षाच्या नाहीतच. तेव्हा एनपीएस हा शब्द ऐकला की आमच्या पिढीच्या शिक्षकाला पहिल्यांदा तो डबा आठवतो. पुढे सरकारने सुधारित योजना आणली, केंद्राने यूपीएस (हमीच्या पेन्शनची नवी योजना) आणली, पण तोंड पोळलं ते पोळलंच.

आता चूक कुठे होतेय. आमच्याकडून हमीची पेन्शन काढून घेऊन त्याजागी एनपीएस दिलं, म्हणून आम्ही भांडलो आणि बरोबर भांडलो. तुझ्याकडून कोणी काय काढून घेतलंय? चाकणच्या कंपनीत तुला जुनी पेन्शन कधी मिळणारच नव्हती. आम्ही जुनी पेन्शन आणि एनपीएस यांची तुलना करतो. तुला एनपीएस आणि रिकामा हात यांची करायचीय. तेच खातं, पण माझ्या घरात आलं तेव्हा चोर वाटलं आणि तुझ्या घरात आलं तर पाहुणा असू शकतं. हे वडिलांना जेवताना सांगू नकोस. रविवारी सकाळी चहा झाल्यावर सांग.

---

हिशोबी_माणूस

मास्तर, एक नंबर लिहिलंत.

मी आकड्यावर येतो. बार्शीकर, तुझ्या बँकेच्या मॅडमचं ते 'टॅक्स वाचतो' आधी निकालात काढू. तुला टॅक्स लागतोच किती? शून्य. नव्या टॅक्स रेजीममध्ये १२ लाखापर्यंतच्या उत्पन्नाला टॅक्स नाही, पगारदाराला वरचे ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरापर्यंत. तू पाच लाखाच्या पण खाली आहेस, तुला जुन्या रेजीममध्ये पण शून्यच. जो टॅक्स लागतच नाही तो वाचवायला वर्षाला ५० हजार दहा वर्षं बांधून घ्यायचे, म्हणजे डोक्यावर केस नसताना कंगवा हप्त्याने घेतल्यासारखं आहे. एनपीएसच्या त्या जास्तीच्या ५० हजाराच्या सवलतीचं पण तेच, ती जुन्या रेजीमवाल्यांना. नव्यात फक्त कंपनीने तुझ्या नावाने एनपीएसमध्ये भरले तर बेसिकच्या १४ टक्क्यापर्यंत सूट आहे, तो विषय तुझा पगार तिप्पट झाल्यावर काढू.

आणि रूममेटला आजच सांग, पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करता येते, फ्री लूक म्हणतात त्याला, थोडाफार खर्च कापून पैसे परत मिळतात. आजच सांग, रविवारी नको.

आता यूट्यूबवाले. समजा तू महिन्याला २ हजार एनपीएसमध्ये टाकलेस आणि १० टक्के परतावा धरला (धरला म्हणजे मी धरला, कोणी लिहून दिलेलं नाही), तर २४ ते ६० या ३६ वर्षांत साधारण ८५ लाख होतात. तेच ३४ व्या वर्षी चालू केलंस तर ३० लाखाच्या आसपास. दहा वर्षांचे तुझे २ लाख ४० हजार कमी गेले आणि साठीला ५५ लाख कमी आले. इथपर्यंत यूट्यूबवाला बरोबर आहे आणि इथेच तो व्हिडिओ संपवतो.

पुढचा हिशोब मी करतो. महागाई ६ टक्के धर. ३६ वर्षांत वस्तू आठपटीने महाग होतात. म्हणजे तुझे ते ८५ लाख आजच्या भाषेत साडेदहा लाख. साडेदहा लाखात म्हातारपण निघत नाही, बार्शीत पण नाही. तसंच वर आयटीवाल्यांनी सांगितलेलं पीएफ, २३५० महिना, ८.२५ असंच चालू राहिलं असं धरलं (राहणार नाही) तर ५८ ला ४८-४९ लाख. आणि ती ईपीएसची पेन्शन, १५ हजार गुणिले सर्व्हिसची वर्षं भागिले ७० असा फॉर्म्युला आहे, तुला पूर्ण नोकरी धरून साडेसात हजाराच्या आसपास बसेल. आजच्या भावाने हजार रुपये. एक सिलेंडर आणि वर मेथीची जुडी.

मग काय करायचं, सोडून द्यायचं? नाही. २ हजार कायम २ हजारच राहिले तर असं होतं. पगार वाढेल तसे दरवर्षी दहा टक्क्याने वाढवत गेलास तर गणित पूर्ण बदलतं. माझं म्हणणं एवढंच की लवकर सुरू केलं म्हणजे काम झालं, असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून चहा पण घेऊ नकोस.

एनपीएसबद्दल खरी अडचण ही आहे की ते पैसे अडकतात. मुदतीच्या आधी बाहेर पडायचं तर जमलेल्यातले ८० टक्के अ‍ॅन्युइटीत (विमा कंपनीकडून दरमहा पेन्शन देणारी योजना) घालावे लागतात, म्हणजे हातात २० टक्के आणि बाकीची चिल्लर पेन्शन. मधे काढायचे तर तीन वर्षांनंतर, ते पण तू स्वतः भरलेल्याच्या २५ टक्के, आणि कारणं ठरलेली, घर, आजारपण, मुलांचं शिक्षण-लग्न वगैरे. साठीला आधी ६० टक्के हातात आणि ४० ची पेन्शन असं होतं, आता डिसेंबर २०२५ मध्ये तुझ्यासारख्या बिगरसरकारी लोकांसाठी ते ८० आणि २० केलंय, ही खरंच चांगली सुधारणा आहे. चार्जेस फार कमी आहेत. इक्विटी, म्हणजे शेअरमधला भाग, ७५ टक्क्यापर्यंत घेता यायची, ऑक्टोबर २०२५ पासून १०० टक्केवाल्या स्कीम पण आल्यात. खातं आधारच्या ओटीपीवर घरबसल्या उघडतं, ५०० रुपये लागतात, पुढे वर्षाला कमीत कमी हजार.

पण तुझ्या खात्यात आज किती पैसे पडून आहेत? म्हणजे उद्या कंपनीने लाइन बंद केली तर किती महिने निघतील? हे तू लिहिलंच नाहीस.

---

विमासेवक_कराड

हिशोबी साहेब, सगळ्या पॉलिसींना एका माळेत ओवू नका. मी २२ वर्षं हे काम करतोय. माझ्याकडे अशी माणसं आहेत ज्यांनी हप्ता चुकेल या भीतीने पैसे भरले म्हणून आज त्यांच्याकडे काहीतरी आहे. तुमच्यासारखी शिस्त सगळ्यांना नसते. एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा पैसे टाकणं) आपण कधीही बंद करू शकतो आणि लोक बंद करतातच.

---

हिशोबी_माणूस

शिस्तीचा मुद्दा मान्य, अगदी मान्य. पण शिस्त लावायला पहिल्या वर्षी मोठं कमिशन कशाला लागतं? पोस्टातली आरडी पण शिस्त लावते. पोरगा २४ चा, आईवडील अर्धे त्याच्यावर अवलंबून, त्याला तुम्ही टर्म इन्शुरन्स (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) सांगितला असता तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो.

---

विमासेवक_कराड

टर्म सांगतोच की. कोणी घेत नाही. पैसे परत मिळत नाहीत म्हणतात.

---

जुना_आयटीवाला

हे मात्र खरं आहे, मी पण असंच म्हणायचो 😅

---

बार्शीकर_चाकणात

बाप रे, एवढं सगळं लिहिलंत, खरंच आभार. दोन आठवड्यांनी परत आलोय कारण मधे गावाकडे गेलो होतो आणि बऱ्याच गोष्टी झाल्या.

हिशोबी दादा, तुमचा प्रश्न वाचून लाज वाटली. खात्यात ११ हजार होते. म्हणजे लाइन बंद पडली तर वीस दिवस. त्यामुळे पहिलं काम ते काढलं, पोस्टात नाही पण बँकेतच महिना ३ हजाराची आरडी लावली, सत्तर-ऐंशी हजार होईपर्यंत ती मोडायची नाही असं ठरवलंय. मॅडमला सांगितलं मला टॅक्स लागत नाही, त्यावर ती म्हणाली सर पुढे लागेल ना. मी म्हणलं पुढे लागला की पुढे फोन करा. रूममेटने पॉलिसी परत केली, अर्ज घेताना त्याला तीन वेळा बसवून ठेवलं, चौथ्या वेळेला त्याने लेखी पोच द्या म्हणल्यावर घेतला.

पीएफचं पासबुक उघडलं, १२५० चा रकाना सापडला 🙏 पण अजून एक सापडलं. माझ्या पीएफमध्ये वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आहे आणि आधारवर वेगळं, आणि माझी जन्मतारीख आधारला १२ आहे, पीएफला २१. याने काही होतं का?

आणि पप्पा. मास्तर, तुमचं ऐकलं, रविवारी चहानंतर. 'तुझ्याकडून कोणी काय काढून घेतलंय' हे वाक्य मी जसंच्या तसं म्हणलं, तुमचं म्हणून सांगितलं नाही, माफ करा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणले, तुझ्या कंपनीत पेन्शनच नाही? म्हणजे त्यांना वाटत होतं एवढी मोठी कंपनी आहे, काहीतरी असेलच. मी म्हणलं हजार रुपये, आजच्या भावाने. मग ते आत गेले आणि त्यांचा पण डबा घेऊन आले. बिस्किटाचा नाही, श्रीखंडाचा. आम्ही दोघांनी बसून सगळ्या पावत्या वर्षाप्रमाणे लावल्या, दुपारचे दोन वाजले.

शेवटी ठरलं असं की पीपीएफ मार्चच्या आत उघडायचं, ५०० ने का होईना, गोदाकाठ ताईंचं ते घड्याळाचं पप्पांना फार पटलं. एनपीएस आरडी पूर्ण झाल्यावर बघू. 'बघू' हे पप्पांचं आहे, माझं नाही, पण जेवण सोडून उठले नाहीत एवढं खरं.

---

जुना_आयटीवाला

जन्मतारखेचं लगेच कर. आज लगेच. आत्ता दोन वर्षांचे पैसे आहेत म्हणून कोणाला फरक पडत नाही, पण ट्रान्सफर करायला किंवा पुढे कधी क्लेम टाकायला गेलास की तिथेच अडकतं. पोर्टलवर जॉइंट डिक्लरेशन म्हणून पर्याय आहे, तिथून दुरुस्तीची रिक्वेस्ट टाक, कंपनीची संमती लागली तर एचआर अजून तुला ओळखतोय तोवर काम होतं. नोकरी सोडल्यावर जुन्या एचआरला फोन लावणं म्हणजे काय असतं ते मला विचार, माझ्या दुसऱ्या कंपनीचं तर ऑफिसच उठून गेलं होतं, खाली आता सलून आहे.

---

माढ्याचे_मास्तर

वाक्य वापरलंस ते बरं केलंस. वडिलांना सांग मधल्या दीड वर्षाच्या पावत्या त्यांच्याकडे असतील तर मला बघायच्यात, कुठल्या महिन्यांच्या गायब आहेत ते जुळवून बघू.

आणि ऑनलाइन नॉमिनेशन भरलंस का? आत्ता आईचं नाव टाक. लग्न झालं की परत नव्याने भरायचं, ते बहुतेक लोक विसरतात.

---

बार्शीकर_चाकणात

पावत्या आहेत म्हणाले, फोटो काढून पाठवतो. नॉमिनेशन नव्हतं भरलेलं, आत्ता भरायला घेतलं तर आईचं आधार मागतंय आणि आधारवर आईचं माहेरचं नाव आहे 🤦

---

गोदाकाठ

पीपीएफच्या फॉर्मवर पण तेच नाव लिहा मग, दोन्हीकडे सारखं. आणि फोटो दोन जास्त घेऊन जा, डिंकाने हमखास एक खराब होतो.